त्या वर्षीची हुग्गी

वहिनी, ही गोष्ट सांगायचं मी अट्ठेचाळीस वर्षं टाळलं. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, याचंच आता जास्त वाईट वाटतं. तुम्ही प्रश्न विचारायचात, मी शास्त्राच्या मास्तराच्या थाटात काहीतरी उत्तर द्यायचो, आणि तुम्ही ते खरं धरून पुढच्या कामाला लागायचात.

परवा तुमचं तेरावं झालं. जेवणं आटपल्यावर तुमच्या प्रकाशने सगळ्यांना आईबद्दल दोन शब्द बोला म्हणून आग्रह केला. माझी पाळी आली तेव्हा मी "वहिनी आईसारख्या होत्या" एवढं म्हणून खाली बसलो. तेही खरं नव्हतं. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान होतात आणि आईसारख्या तर कधीच नव्हतात. आमच्या घरात दिवसभर प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, ते तुम्ही. कुळथाला पाणी का चालत नाही, कोकमाची सोलं काळी कशी होतात, पऱ्याचं वाहतं पाणी दगडाखालून येताना गार का लागतं. आईला वैताग यायचा. मला मात्र संध्याकाळी शाळेतून घरी यायची ओढ लागायची, कारण ओटीवर एखादा नवा प्रश्न वाट बघत असायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आधी हे सांगून घेतो, कारण पुढचं सांगायला सोपं नाही.

तुम्ही आलात त्या वर्षी अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाची वसाहत माणसांनी भरलेली होती. निम्मी माणसं घाटावरची. तुमचे थोरले भाऊ तिथे नोकरीला होते, त्यांच्या ओळखीतूनच दादाचं स्थळ जुळलं. दादा मुंबईला गोदीत, घरी गणपतीला आणि शिमग्याला येणार. मागे आई, मी आणि तुम्ही. मिरजेकडच्या काळ्या रानातून तुम्ही कुंभार्ली घाट उतरून आमच्या लाल मातीत आलात, आणि बरोबर एक गोणी आणलीत.

आईने गोणीत हात घातला आणि मूठ वर काढून म्हणाली, "गो बाय, माहेरानं भात दिलंन? भाताला आमच्याकडे काय तोटा हाय?"

"भात न्हवं, आत्याबाई. गहू हाय ह्यो. खपली."

"गव्हाला फोल?"

तुम्ही एक फोल तळहातावर ठेवून नखाने फोडलंत. आत दोन लांबट, तांबूस दाणे पाठीला पाठ लावून बसलेले. "एका घरात दोघं असत्यात," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "भावोजी, तुम्ही मास्तर. हे असं का?"

मला माहीत नव्हतं. मी दोन फोलं खिशात घालून शाळेत नेली आणि दुपारच्या सुट्टीत भिंगाखाली बघत बसलो. साधा गहू मळणीत आपल्या फोलातून सुटतो, हा सुटत नाही. आबा, म्हणजे तुमचे वडील, तो फोलासकटच पेरतात, असं तुम्हीच मग सांगितलंत. त्यांच्या खपलीची कुसळं काळी असायची. गावात तसा गहू दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता. त्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्याही वडिलांनी तोच जपलेला.

त्या गव्हाने आमच्या घरात वेगळंच वातावरण आणलं. तोवर गहू म्हणजे आमच्याकडे दुकानातून आणायची वस्तू, सणाला पोळी करण्यापुरती. तुम्ही खपली उखळात घालायचात, पाण्याचा हबका मारून मुसळाने सडायचात, सुपात पाखडायचात, परत सडायचात. शेरभर गव्हाला अख्खी सकाळ जायची. भाताच्या गिरणीवाल्याने एकदा बघितलं आणि हात जोडले, त्याचं यंत्र त्या फोलाने अडलं. तुमच्या तळव्यांना फोड आलेले मी पाहिले. आई ओरडायची, "एवढं कांडून शेवटी काय, तर खीर!"

"खीर न्हवं, हुग्गी."

"हुग्गी! नावच बघा मेलं."

पण पहिल्या पुरणपोळीच्या दिवशी, जन्मभर तांदळाची भाकरी खाल्लेल्या माझ्या आईने तिसरी पोळी मागून घेतली. कडेपर्यंत पुरण गेलेलं, पोळी तांबूस, कुठे फाटलेली नाही. तिने बोटं चाटली आणि म्हणाली, "बरी हाय." आईच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी तुम्ही संधी साधून पऱ्याकाठचा कुणगा मागितलात. भात कापून झालं की त्या तुकड्यात ओल राहते, तिथे आपण खपली पेरू, म्हणालात. आई म्हणाली, "पेर बाय. नाय आला तर कुळीथ हायतच."

पुढच्या हंगामाला आबांनी आणखी एक गोणी पाठवली आणि सोबत एक वेगळं गाठोडं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. निवडक कणसांचं.

कार्तिकातली गोष्ट. भात झोडून झालं होतं. तुमच्या वसाहतीतल्या भावजय बाळंत झाल्या आणि तुम्ही आठ दिवसांसाठी अलोऱ्याला निघालात. मी ओटीवर वह्या तपासत होतो. तुम्ही पायरीवर थांबलात.

"भावोजी, माळ्यावर धोतराचं गाठोडं हाय बघा, ते बियाण्याचं. आल्यावर पेरायचं. तेवढं सांभाळा."

मी "हं" म्हणालो.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ते नीट ऐकू आलं नव्हतं. वहिनी, मला ऐकू आलं होतं.

रविवारी आईने उकड्या तांदळासाठी हंडा चढवला. भात फोलासकट भिजवायचं, उकडायचं, उन्हात वाळवायचं, मग कांडायचं. फोल सुटं होतं आणि दाणा मोडत नाही. लहानपणापासून बघत आलेलं काम. त्या सकाळी चुलीसमोर उभ्याउभ्या माझ्या डोक्यात आलं, की भाताचं फोल असं सुटतं तर खपलीचं का नाही सुटणार? तुमच्या हातांचे फोड वाचतील. तुम्ही परत याल तेव्हा सगळी गोणी सहज सडता येईल. तुम्ही विचाराल, हे कसं झालं, आणि एकदा तरी माझ्याकडे खरंखुरं उत्तर असेल.

"गव्हाचा उकडा?" आई म्हणाली. "मेल्या, कोणी ऐकलंय असलं?"

"ऐकलं नाही म्हणून तर बघू."

"बघ बाबा. बायकोवाणी भावजयीचं कौतुक चाललंय." आणि हसत तिने मला हंडा मोकळा करून दिला.

गोणी दोन खेपांत उकडली. दुसऱ्या खेपेला हंड्यात जागा उरली होती. मी माळ्यावर चढलो आणि गाठोडं खाली आणलं. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. तरीही तुमचं पायरीवरचं बोलणं मला आठवलं नाही. ते आठवलं दोन दिवसांनी. खळ्यात तट्ट्यावर गहू वाळत होता, भात फिरवतात तसा मी तो पायाने फिरवत होतो आणि एकाएकी पाय थांबले.

मी आईला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "गप ऱ्हा. पोरगी बाळंतिणीचं करून दमून येल. आल्या आल्या बापाचं बियाणं शिजवलं म्हणून सांगतंस? नाय उगवलं तर नाय उगवलं. पुढल्या साली दुसरं धाडतील."

आई जाऊन तीस वर्षं होत आली. तिच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण तिने फक्त गप राहायला सांगितलं होतं. वाळलेल्यातले अंदाजाने तेवढेच दाणे फडक्यात घालून गाठ मी बांधली. तुम्ही बांधली होतीत तशीच, दोन वेढ्यांची.

तुम्ही आलात आणि गाठोडं सोडून म्हणालात, "ओल लागली का हो? रंग काळपट दिसतोय."

"माळ्यावर दमट असतं," मी म्हणालो.

नंतर तुम्ही सरी ओढून एकेक फोल बोटाने टोचलंत. रोज सकाळी कुणग्याकडे एक फेरी. सातव्या दिवशी तुमचा चेहरा जरा उतरला. दहाव्या दिवशी तुम्ही उकरून बघितलंत. दाणा फुगलेला, बुरसलेला, नाकाशी धरवेना असा वास. तुम्ही बांधावर बसून राहिलात. मी शाळेला जाताना वरच्या वाटेवरून बघितलं आणि तसाच पुढे गेलो.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याने मी आजही थक्क होतो. दोन ओली फडकी घेतलीत. एकात गोणीतले वीस दाणे, दुसऱ्यात दुकानातल्या गव्हाचे वीस. चुलीच्या उबेला ठेवलीत. हे मी सातवीच्या वर्गाला शिकवायचो, पण तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, शाळा चौथीत सुटलेली. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या गव्हाला पांढरे मोड आले. खपलीला एकही नाही. तुम्ही दोन्ही फडकी माझ्या टेबलावर, वह्यांच्या शेजारी मांडलीत.

"मास्तर, सांगा आता. ह्याला काय झालंय?"

तुम्ही मला फक्त मोठ्या कामाच्या वेळी मास्तर म्हणायचात. मी खुर्चीत सरळ बसलो. समुद्राकडची दमट हवा, म्हणालो. खपलीच्या फोलात ओल धरून राहते आणि आतला अंकुर गुदमरतो. घाटावरच्या कोरड्या हवेत तो जगतो, इथे टिकत नाही. मी फळ्यावर काढावी तशी कागदावर दाण्याची आकृतीसुद्धा काढून दाखवली.

"म्हंजे मातीचा दोष न्हाई?"

"नाही. हवेचा."

"आन् माझ्या हाताचा?"

"छे."

तेवढं एक मी खरं बोललो.

तुम्ही जरा वेळ आकृतीकडे बघितलंत आणि हसलात. "मग गव्हापेक्षा मीच चिवट म्हणायची."

पुढच्या शिमग्याला उरलेल्या गोणीतला गहू तुम्ही सडायला घेतला. निम्म्या वेळात फोल सुटलं. दाणा अख्खा, काचेसारखा. तुम्ही मूठभर दाणे उजेडात धरून कितीदा बघितलेत. मग त्याची हुग्गी केलीत, तुमच्याकडचा गूळ, खसखस, सुंठ आणि आमच्याकडचं नारळाचं दूध. असली हुग्गी ना आधी झाली ना नंतर. दाणा शिजलेला, पण गळून लगदा झालेला नाही. दाताखाली धरला की आतपर्यंत मुरलेला गूळ सुटायचा. दादा मुंबईहून आला होता, तीन वाट्या खाऊन पान सरकवत म्हणाला, "काय केलंस गं यात?"

"काहीच न्हाई. ह्यो गहूच येगळा निघाला."

आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं. माझी युक्ती साधली होती, आणि ती कुणालाही सांगता येण्यासारखी नव्हती.

उकडण्याची चूक ही चूकच होती, तिला मी एकवेळ क्षमा करीन. पण आश्विनात पोस्टकार्ड आलं. आबांचं अक्षर तिरकं, शाई फुटलेली. रान सगळं उसाला दिलंय, असं लिहिलं होतं. घरात खपली सडायला आता कुणी तयार नाही. तुला लावायची असेल तर तुझ्यासाठी बांधाकडेला दोन सऱ्या ठेवतो, नाहीतर तिथंही ऊसच लावतो. तसं कळव.

तुम्ही कार्ड घेऊन माझ्याकडे आलात. "काय लिहू?"

वहिनी, मला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पाठवा म्हणून लिहा, मागचं बी मी उकडलं होतं. तुम्ही चिडला असतात. दोन दिवस बोलला नसतात, किंवा दोन महिने. पण काळ्या कुसळाचा तो गहू राहिला असता. मी म्हणालो, "इथल्या हवेत टिकायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला त्रास?" तुम्ही खाली बसून, माझ्याच पेनने, जवळजवळ माझ्याच शब्दांत उत्तर लिहिलंत. मी ते पेटीत टाकलं. त्या दोन सऱ्यांत ऊस गेला.

लगेच पुढच्या महिन्यात आईने भाताचा हंडा चढवला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच तो सगळा सोहळा जवळ बसून पाहिलात. मागच्या वर्षी तेव्हा तुम्ही अलोऱ्याला होतात आणि त्याआधीच्या वर्षी लग्नच व्हायचं होतं. किती वेळ भिजवायचं, केव्हा उतरवायचं, सगळं विचारून घेतलंत. मी ओटीवर कान देऊन बसलो होतो. मग तुम्ही विचारलंत, "आत्याबाई, हे उकडलेलं परत पेरलं तर?"

"उकडलेलं कोण पेरतं गो?" आई म्हणाली. आणि तुम्ही दोघीही हसलात. आईचं हसू जरा उशिरा आलं, हे मला ओटीवर कळलं. तुम्हाला नाही कळलं.

लोक म्हणतील, बायकांना असलं कळतंच, त्यांनी ओळखलं असेल आणि पोटात घातलं असेल. तसं मानलं तर मला फार सोपं होईल. पण तुम्ही ओळखलं नव्हतंत. ओळखलं असतंत तर पुढची इतकी वर्षं त्या हुग्गीच्या मागे लागला नसतात.

किती प्रकार करून बघितलेत! पहिली बरीच वर्षं खपली मिळेना, तर दुकानच्या गव्हावर प्रयोग. दाणे भाजून, ताकाच्या निवळीत भिजवून, नारळाचं दूध आधी घालून, मागाहून घालून. एकदा पऱ्याचं पाणी घागरीने आणलंत, कारण मी म्हणालो होतो की त्या वर्षी पाणी वेगळं असेल. एकदा माझ्या सांगण्यावरून नवा गूळ सोडून जुना घेतलात. दरवेळी वाटी पुढे करायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात.

"जमली?"

"चांगली आहे."

"चांगली न्हाई विचारलं. तशी हाय का?"

"तशी नाही."

"मग त्या साली काय झालं हुतं, भावोजी?"

मग आपला वाद. तुम्ही म्हणायचात, गहूच वेगळा होता. मी म्हणायचो, पाणी, गूळ, चुलीचा जाळ. तुमचं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं, तरीही मी इतक्या हिरिरीने भांडायचो की एकदा दादा वैतागून म्हणाला, "एका खिरीवरून किती वर्षं बोलणार तुम्ही दोघं?" दादा गेल्यावरही आपण बोलत राहिलो. खरं सांगू? त्या वादात मला सुखही होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला असं सुख मिळू नये, पण मिळालं. तुम्ही वाटी पुढे केलीत की माझा दिवस चांगला जायचा.

मग अलीकडे खपली परत आली. चिपळूणच्या दुकानात पाकिटात. साखरेच्या रोग्यांना चांगली म्हणून प्रकाश तुमच्यासाठी घेऊन आला. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'प्राचीन धान्य' असं छापलेलं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत. "प्राचीन? म्हंजे आमचे आबा प्राचीन काय?" एक दाणा दाताखाली फोडलात, जिभेवर घोळवलात. "खपली हाय. पण आमची न्हवं."

मी निवृत्त झाल्यावर या धान्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. माणसाने शेती करायला सुरुवात केली तेव्हाच्या पहिल्या धान्यांत हा गहू होता. दूरच्या काही देशांत गहू आधी उकडून, वाळवून, मग भरडून ठेवायची फार जुनी रीत आहे, हेही कळलं. म्हणजे चुलीसमोर मला सुचलं ते आधी कितीतरी लोकांना सुचलेलं. मला क्षणभर आनंद झाला. उठून तुम्हाला सांगायला निघालो, आणि दारातून परत फिरलो.

या वर्षी मात्र मला राहवेना. मनाच्या एका कोपऱ्यात मी एक आशा जपून ठेवली होती, ती वाईट आशा होती. कदाचित मी उकडला नसता तरी तो गहू इथे उगवला नसता. कदाचित माझी आकृती बरोबरच असेल. कऱ्हाडचे एक जुने सहकारी शिक्षक आहेत, त्यांच्याकडून फोलासकट खपली मागवली. आधी गोणी महिनाभर आपल्या त्याच माळ्यावर ठेवली, मुद्दाम. मग वीस दाणे ओल्या फडक्यात घातले आणि थोडे पऱ्याकाठच्या कुणग्यात टोचले. फडक्यात एकोणीस उगवले. कुणग्यात सहाव्या दिवशी हिरवी टोकं वर आली, सरळ रेघेत. चौऱ्याहत्तर वर्षांचा मी बांधावर बसलो, तुम्ही बसला होतात साधारण तिथेच.

उरलेली गोणी मी उकडली. वाळवली. उखळात स्वतः सडली, थांबत थांबत, दोन दिवस लागले. आणि हुग्गी केली.

तुम्ही आजारी म्हणून रत्नागिरीला प्रकाशकडे होतात, डबा घेऊन तिकडे निघालो. चिपळूणला एसटी बदलली आणि खिडकीशी जागा मिळाली. सावर्ड्यापर्यंत मी सुरुवात ठरवली. संगमेश्वरला ती बदलली. हातखंब्याला गाडी रत्नागिरीकडे वळली तेव्हा सगळं पाठ झालं होतं. आधी डबा द्यायचा, तुम्ही विचाराल, मग एका दमात सांगायचं.

तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात. किती बारीक झाला होतात. डब्याचं झाकण उघडलं आणि तुम्ही वास घेऊन थांबलात.

"काका, तिची साखर माहीत आहे ना?" प्रकाश म्हणाला.

"तू गप रे. चमचा आण."

पहिल्या चमच्याला तुम्ही डोळे मिटलेत. चावत राहिलात. दुसरा चमचा. मग डोळे उघडलेत आणि माझा हात धरलात. वहिनी, इतक्या वर्षांत तुम्ही माझा हात कधी धरला नव्हता.

"हीच. भावोजी, हीच ती. काय केलंत?"

तुमचा चेहरा इतका उजळला होता. त्या चेहऱ्यावर मी ते कसं टाकणार, असं मला वाटलं, किंवा असं वाटलं म्हणून मी आता स्वतःची समजूत घालतोय. मी म्हणालो, "कुकरची एक शिट्टी जास्त दिली."

तुम्ही चमचा परत डब्यात टेकवलात. "शिट्टीनं होत न्हाई हे. मी काय आज सैपाक करते? खरं सांगा."

"पुढच्या खेपेला येतो तेव्हा तुमच्यासमोर करून दाखवतो."

"नक्की? मी वही काढून ठेवते. लिहून घेईन." आणि प्रकाशला म्हणालात, "बघ रे, मास्तरांनी शेवटी शोधून काढलंच. मला माहीतच हुतं, हा माणूस सोडायचा न्हाई."

तुम्ही माझं कौतुक केलंत. मी ते घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत आलो. त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी तुम्ही गेल्याचा प्रकाशचा फोन आला.

तर वहिनी, त्या हुग्गीची कृती अशी. खपली फोलासकट रात्रभर भिजवायची, हंड्यात फोल नरम होईपर्यंत उकडायची, कडक उन्हात दोन दिवस वाळवायची आणि मग सडायची. बाकी सगळं तुमचंच. एवढं चार ओळींत मावणारं उत्तर मी तुम्हाला जन्मभर दिलं नाही. तुमच्या गव्हाला इथली हवा बाधली नव्हती. हवेने बी मरतं हे तुम्ही माझ्या शब्दावर मानलंत, शेजारणींना सांगितलंत, आणि त्याच शब्दावर आबांना 'पाठवू नका' असं लिहिलंत. बी मी उकडलं होतं. तुम्ही सांगून गेला होतात, मी ऐकलं होतं, तरी उकडलं. मग गाठ बांधून परत ठेवलं, आणि आबांचं कार्ड तुमच्या हातात असताना गप्प बसलो. हे मला तुमच्यासमोर बसून, तुमच्याकडे बघत सांगायचं होतं. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा.